उजव्या कानाचा आलेख

रोज सकाळी नऊला, पहिला पेशंट यायच्या आधी, तो यंत्र स्वतःच्या कानांनी ऐकून घ्यायचा. नियमच होता तसा. हेडफोन आपल्याच डोक्यावर चढवायचे, अडीचशे हर्ट्झपासून आठ हजारांपर्यंत एकेक सूर लावायचा, कुठे खरखर नाही ना, कुठली वायर सैल नाही ना, बघायचं. अठरा वर्षांत त्याला आपले कान इतके पाठ झाले होते, की यंत्र बिघडलं की आपण बिघडलो हे त्याला चटकन सांगता यायचं. आज तो एक हजारावर आला, समोरच्या यादीवर सहज नजर गेली, आणि सूर कानात वाजत असूनही त्याला ऐकू येईना. यादीतलं चौथं नाव. वय चौऱ्याहत्तर. तक्रार: उजव्या कानाने ऐकू येत नाही, जुनी इजा. खाली खिडकीवरच्या ताईंच्या गोल अक्षरात: दाखला आजच हवा. त्याने सूर बंद केला. परत लावला. सूर होता. तो इतका वेळ होताच. मानेवर, केसांची रेघ संपते तिथे, त्याला एकदम गार लागलं, कुणीतरी ओला हात ठेवावा तसं. त्याने मागे वळून पाहिलं. मागे नुसती पेटी होती. कान तपासायच्या त्या खोलीला दवाखान्यात सगळे पेटीच म्हणत: आतून राखाडी स्पंज, जाड दार, एक खुर्ची, आणि खुर्चीत बसलेल्याची पाठ दिसेल अशी एक काच.

खिशात कालचं पत्र होतं. ते त्याने सकाळपासून तीनदा बाहेर काढून परत ठेवलं होतं. चौकशी समितीपुढे अकरा वाजता हजर राहावे, आणि तारीख उद्याची. सोबत दोन पानांच्या प्रती जोडल्या होत्या. एक पान लष्करी मुख्यालयाच्या नोंदवहीतलं, कुणा अनोळखी हाताचं: "४.१०. हुकूम दिला. पूल सोडा, माघारी या. पोच मिळाली." दुसरं पान कंपनीच्या वायरलेसच्या वहीतलं. ते अक्षर ओळखायला त्याला चष्मा लागला नाही. "४.१०. संदेश अस्पष्ट." सव्वीस वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षीही, तो ट असाच काढायचा, डोक्यावर फाजील वळण देऊन. दोन पानं, एकच वेळ, आणि दोन्हींच्या मधे अकरा माणसं.

सकाळी चहा पिताना बायको म्हणाली होती, "साखर नव्हती हो त्यात. विसरलेच मी. आणि तुम्ही अख्खा कप प्यालात."

"मला वाटलं, असेल."

"असेल काय असेल? जीभ आहे ना तोंडात?" मग जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "भीती वाटतेय तुम्हाला."

"भीती कसली?"

"मग बशीवर कप काय नाचायला शिकत होता?" ती समोर बसली. "हे बघा, खरं काय ते सांगा आणि मोकळे व्हा. फाशी का देणार आहेत?"

"तुला नाही कळायचं."

"हो, मला कसं कळणार! बावीस वर्षं त्या साहेबांचा फोटो माझ्या स्वयंपाकघरात आहे. माझ्या आईचा लावलात तो कपाटाआड. तरी मी कधी ब्र काढला नाही." ती उठली, जाता जाता म्हणाली, "माझी आई निदान कुणाला घाबरवत तरी नव्हती."

त्यावर तो हसला होता. पण दवाखान्याकडे चालत येताना त्याला ते वाक्य बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. घाबरवत? थोरल्यांनी कधी कुणाला घाबरवलं नव्हतं. कंपनीत सगळे त्यांना थोरलेच म्हणत, तोंडावर साहेब आणि पाठीमागे थोरले, आणि घरातल्या थोरल्या भावाबद्दल बोलावं तसंच त्यांच्याबद्दल बोलत. दुसऱ्या कंपन्यांचे अधिकारी ओरडत, थोरले कधी ओरडले नाहीत. वीस मैल चालून आल्यावर ते सगळ्यांना एका रांगेत बसवत, बूट काढायला लावत, आणि स्वतः उकिडवे बसून एकेकाचा तळपाय हातात घेऊन फोड बघत. कोमट पाणी, कापूस, मलम. एवढा मोठा माणूस आपला घाणेरडा पाय मांडीवर घेतोय म्हटल्यावर पहिल्यांदा त्याला तिथून पळून जावंसं वाटलं होतं. थोरले म्हणाले होते, "हलू नकोस रे. कान वायरलेसला दिलास, पाय तरी माझ्याकडे राहू दे." तेव्हापासून त्याचं नावच पडलं, कान. प्रत्येकाचं असं एकेक नाव त्यांनी ठेवलेलं होतं आणि संध्याकाळची हजेरी ते त्याच नावांनी घेत. कागद नाही, वही नाही. माणसांकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहत आणि एकेक नाव घेत, आणि ज्याने त्याने आपापल्या आवाजात उत्तर द्यायचं. शिट्टी शीळ घालायचा. सुतार लाकडावर टकटक करायचा. बोका अर्थात म्याव करायचा आणि सगळे हसायचे, रोज तेवढेच हसायचे. तो स्वतः वायरलेसचं बटण दोनदा दाबायचा, टिक्-टिक्. वायरलेसवाल्यांची ती सवयच: संदेश मिळाला, कळला, की बोलत बसायचं नाही, बटण दोनदा दाबायचं. तीच पोच. एकदा बोक्याला सर्दी होती, त्याच्याऐवजी वकिलाने म्याव केलं, तर थोरले डोळे मिटल्या मिटल्या म्हणाले, "वकीलसाहेब, दुसऱ्याचं वकीलपत्र घेऊ नका. बोका आजारी आहे, त्याला दूध द्या." ऐंशी माणसांचे आवाज त्या माणसाच्या कानात होते. त्या दोन कानांत.

जुनी इजा. उजव्या कानाने ऐकू येत नाही.

पहिला पेशंट आला, एक आजोबा, सोबत सून. सून म्हणाली, यांना आपल्या फायद्याचं तेवढं बरोबर ऐकू येतं. असं दर आठवड्याला कुणीतरी म्हणायचंच आणि तो दर वेळी हसायचा. आज हसायला उशीर झाला. दुसरा आला, तिसरी आली. तो सूर देत होता, बटण दाबलं की समोरचा दिवा लागत होता, तो आलेखावर खुणा करत होता, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. हात आपले आपण चालत होते, आणि त्याला भीती वाटत होती ती त्या हातांचीच. आपल्याच देहाचा एक भाग आपल्याला न विचारता काय करील याची. त्या दिवशीही असंच झालं होतं. चार वाजून दहा मिनिटांनी, नदीकाठच्या खड्ड्यात, तो आणि थोरले डोक्याला डोकं लावून बसले होते, रिसीव्हर दोघांच्या मधे, त्याच्या डाव्या आणि थोरल्यांच्या उजव्या कानाशी. मुख्यालयावरच्या माणसाला पडसं झालेलं होतं. पूल सोडा, माघारी या. नाक चोंदलेलं असूनही प्रत्येक अक्षर सुटं सुटं ऐकू आलं. आणि त्याच्या अंगठ्याने, त्याला काही कळायच्या आत, सवयीने बटण दोनदा दाबलं. टिक्-टिक्. मग थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पुलापलीकडे आचारी आणि मेकॅनिक अडकले होते, दोघांच्या पायांत गोळ्या. सकाळपासून आचाऱ्याच्या हाका ऐकू येत होत्या. थोरल्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, केसांच्या रेघेवर. हात ओला होता, नदीचा गारवा होता त्याला. आणि अगदी हळू, तापलेल्या पोराशी बोलावं तसं, ते म्हणाले, "अस्पष्ट आहे. नाही का?"

तो म्हणाला, "हो साहेब."

एवढंच. धमकी नाही, हुकूमसुद्धा नाही. नुसता एक प्रश्न, तोही असा, की ज्याचं उत्तर त्यातच होतं. नंतर त्याने कितीतरी वेळा स्वतःला विचारलं, की त्यांनी खडसावून सांगितलं असतं, खोटं लिही म्हणून, तर आपण लिहिलं असतं का? कदाचित नसतं. पण त्या हातासाठी त्याने हवं ते लिहिलं असतं. सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं असतं. थोरले स्वतः पूल ओलांडून गेले, पन्नास मिनिटांत दोन खेपा करून आचाऱ्याला आणि मेकॅनिकला पाठुंगळी घेऊन आले. त्या पन्नास मिनिटांत काठ धरून ठेवणारे अकरा जण गेले. कुणाला कुणी थांब म्हटलं नव्हतं. थोरले पलीकडे आहेत म्हटल्यावर हलणार कोण? त्या संध्याकाळी थोरल्यांनी पाठ करून, डोळे मिटून नेहमीसारखी हजेरी घेतली. शिट्टी, म्हणाले. काही आलं नाही. ते थांबले. मग उरलेल्या सगळ्यांनी मिळून, ज्याला येत होती त्याने आणि नव्हती त्यानेही, शीळ घातली. अकरा वेळा असं झालं. तेव्हा थोरल्यांसाठी जीव टाकणार नाही असा एकही माणूस त्या मैदानात नव्हता. तोही त्यातच होता. आणि वही त्याच्या मांडीवर होती.

पुढे शहरात आल्यावर, या कामाचं शिक्षण घेताना, तो ग्रंथालयात जाऊन सेनापतींबद्दलची पुस्तकं वाचायचा. ज्यांना सैनिकांनी जीव लावला, असे सेनापती. कुणी सैनिकांबरोबर जमिनीवर झोपायचा, कुणी शेवटी जेवायचा, कुणाला हजारोंची नावं पाठ होती. तो प्रत्येकाचं प्रकरण वाचून झालं की मागचं परिशिष्ट काढायचा, किती गेले ते बघायला. त्याला वाटलं होतं, प्रेम करणाऱ्यांची माणसं कमी मरत असतील. तसं काही दिसेना. मग एके दिवशी त्याच्या मनात आलं, की ज्याच्यावरून लोक जीव ओवाळून टाकतात, त्याच्या पायाशी ओवाळलेले जीवच जास्त साचणार, दुसरं काय होणार? त्याने पुस्तक मिटलं आणि इकडे तिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. स्वतःच्या डोक्यातलं कुणी ऐकेल असं वाटून घाबरण्याची ती पहिली वेळ. नंतर सवय झाली. शिट्टीची बहीण पुलाच्या वेळी शाळकरी होती. आता ती स्वतः शाळेत शिकवते, वर्षभर तिने अर्जामागून अर्ज केले आणि ही समिती बसवायला लावली. तिने त्याला कधी पत्र लिहिलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिच्या अर्जाची प्रत पत्रासोबत होती. त्यात एकच प्रश्न होता: हुकूम आला होता का, आणि आला असेल तर तो कुणी ऐकला?

काल संध्याकाळी आचाऱ्याचा फोन आला होता. आवाज तसाच, मोठ्या पातेल्यात बोलल्यासारखा.

"कान्या, पत्र मिळालं?"

"मिळालं."

"मग? काय सांगणार?"

"बघू."

"बघू काय बघू? अरे, थोरल्यांवर बालंट आलंय आणि तू बघू म्हणतोस? तू ऐकलं नाहीस, विषय संपला. बटणाला चुकून बोट लागलं म्हण. फार तर काय म्हणतील लोक, कानाला ऐकू आलं नाही. म्हणू देत. तुझं नखही वाकडं होणार नाही."

"आणि ते अकरा?"

आचारी एकदम लहान आवाजात म्हणाला, "मी जिवंत आहे ना, त्याचा तुला राग येतो का रे?"

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"नाही, मला येतो कधी कधी. नातवाला खांद्यावर घेतलं की येतो. पण म्हणून त्यांना पुढे करायचं? त्यांच्या पाठीवर बसून आलोय मी. ओलीचिंब पाठ होती."

त्याने फोन ठेवला तेव्हा त्याची स्वतःची मान ओली झाली होती. उद्याचं ठरलं नव्हतं. समितीला घाबरायचं कारण नव्हतं, ती तीन म्हातारी माणसं प्रश्न विचारतील आणि लिहून घेतील. त्याला भीती होती, की थोरले त्या खोलीत असतील, आणि ते नुसते त्याच्याकडे बघतील, आणि त्याचं तोंड उघडून आतून तेच दोन शब्द बाहेर पडतील.

आणि ते आजच आले. काठी टेकत, थोडे वाकलेले, कोट मात्र इस्त्रीचा. दारात थांबून त्यांनी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं.

"बूट चावत नाहीत ना?"

"नाही साहेब," तो म्हणाला. भीतीच्या आत तेवढ्यात कुठून माया येऊन बसली, त्याला कळेना. तीच तर खरी भीती होती.

"खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, कान तपासणारा आमचाच कान आहे, दुसऱ्या कुणाकडे कशाला जायचं? आईचे गुडघे कसे आहेत?"

"आई गेली साहेब. नऊ वर्षं झाली."

थोरल्यांची काठीच्या मुठीवरची बोटं उघडली, मिटली. "मला कळवायचं नाही होय? मी आलो असतो." आणि ते आले असते, हे त्याला ठाऊक होतं. दोन दिवसांचा प्रवास करून आले असते, मागच्या रांगेत उभे राहिले असते. ढोंग नव्हतं त्यात. ढोंग असतं तर किती सोपं झालं असतं.

"उद्या तू येणार ना?"

"हो साहेब."

"घाबरू नकोस. मी असताना तुझ्यावर काही येऊ देणार आहे का? सगळं नीट बसवलंय मी. माझा हा कान पुलाच्या दोन दिवस आधीच गेलेला, त्या स्फोटात. म्हणजे मी ऐकलं असण्याचा प्रश्नच नाही. आणि तुला अस्पष्ट आलं. यंत्रं जुनी होती, सगळ्यांना माहीत आहे. कुणाचाच दोष नाही, तुझा नाही, माझा नाही. दाखला तेवढा लागेल." त्यांनी हात उचलला. त्याला तो येताना दिसला, सुरकुतलेला, पांढऱ्या केसांचा, आणि तो मानेवर बसला, अगदी त्याच जागी. "अस्पष्टच होतं. नाही का?"

तोंड उघडलं. त्याला जाणवलं ते उघडताना. जीभ टाळ्याला लागली. काहीतरी करायला हवं म्हणून तो वळला आणि पेटीचं जाड दार ओढून म्हणाला, "आत बसा साहेब. सूर ऐकू आला, कितीही बारीक, तरी बटण दाबायचं." हात मानेवरून निसटला. तो किती हलका होता हे तेव्हा कळलं.

दार बंद झाल्यावर काचेतून थोरल्यांची पाठ दिसत होती. पाठ, आणि हेडफोनच्या पट्टीखाली विरळ केस. त्यांचे डोळे मिटलेले असणार, हे त्याला न बघता कळलं. सारं तसंच होतं, फक्त आता त्यांच्या पाठीमागे ऐंशीऐवजी एकटा तो उभा होता. यंत्रावर बोटं ठेवल्यावर त्याचा श्वास जरा ताळ्यावर आला. हे त्याचं राज्य होतं. इथे सूर म्हणजे सूर, डेसिबल म्हणजे डेसिबल. त्याने डाव्या कानापासून सुरुवात केली. तीस, तीस, पस्तीस, वरच्या सुरांना पन्नास. या वयाला उत्तम. निळ्या फुल्या. मग उजवा. तीसला दिवा नाही. चाळीस, पन्नास, साठ, नाही. सत्तर, नाही. ऐंशी, नाही. त्याने हात थांबवला. सत्तर-ऐंशीचा सूर मेलेल्या कानातही मरत नाही. तो कवटीच्या हाडातून पलीकडे जातो आणि चांगल्या कानाला ऐकू येतो. खरा बहिरा माणूस इथे बटण दाबतोच, त्याला वाटतं उजव्यातच ऐकू आलं. हे वैद्यकाचं पुस्तक न वाचलेल्या माणसाला माहीत नसतं, म्हणून खोटा बहिरा नेहमी खऱ्या बहिऱ्यापेक्षा जास्त बहिरा असतो. अठरा वर्षांत असे त्याने कितीतरी पकडले होते, हसत हसत पकडले होते. नव्वदला, दुखेल इतका मोठा सूर दिल्यावर, थोरल्यांच्या खांद्यांना बारीक झटका बसला. आणि दिवा मात्र लागला नाही.

तो खुर्चीत मागे टेकला. म्हणजे असं होतं तर. आलेखावर लाल गोल नव्वदच्या खाली काढायचे, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई न बघता दाखल्यावर सही करतील, आणि उद्या त्या खोलीत थोरल्यांचा कान मेलेला असेल, मुख्यालयाच्या पानावर पोच असेल, आणि हुकूम ऐकणारा या जगात एकटा तोच उरेल. थोरल्यांच्या हे लक्षात आलं असेल का? की त्यांना खरंच वाटत होतं, दोघंही सुटतो? त्यांना पोच माहीत नसेल. दोन पानांची जोडी फक्त त्यालाच पाठवली असेल. पण ते तर त्याच्या डोक्याला डोकं लावून बसले होते. टिक्-टिक्. जो माणूस डोळे मिटून वकिलाचं म्याव ओळखतो, त्याला ती टिकटिक ऐकू आली नसेल? सव्वीस वर्षं त्याला वाटत होतं की आपण त्यांच्यासाठी एक गोष्ट लपवली. त्यांनी ती पहिल्या क्षणापासून त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवली असेल तर? हातात लाल पेन्सिल होती. ती नव्वदच्या रेघेकडे निघाली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. खरोखरच निघाली होती. तो तिला थांबवत नव्हता.

तेव्हा त्याने तिला खाली ठेवलं, मायक्रोफोन ओढला, आवाजाची कळ उजव्या कानावर फिरवली आणि चाळीसवर आणली. चाळीस म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाशी हळू बोलावं एवढं. एवढा आवाज कवटी ओलांडून जात नाही. ज्याचा उजवा कान मेला आहे, त्याच्यासाठी हे काहीच नव्हतं, शांतता होती. आपण हे का करतोय, सापळा लावतोय की दुसरं काही, याचा विचार करायला त्याने स्वतःला वेळ दिला नाही. तो म्हणाला, "शिट्टी."

पाठ हलली नाही.

"सुतार." थांबून, "उंट." प्रत्येक नावानंतर तो थांबत होता, थोरले थांबायचे तेवढाच. "जावईबापू. बोका." बोक्याला त्याचा स्वतःचा आवाज फाटला. काचेपलीकडे मान किंचित, अगदी केसभर, उजवीकडे कलली, दुरून कुणी हाक मारत असावं तशी. "गणिती. दोरखंड. रडक्या." थोरल्यांचे खांदे वर चढले होते आणि खाली यायला तयार नव्हते. दिवा लागत नव्हता. पण त्यांच्या डाव्या हाताने खुर्चीचा दांडा पकडला होता, आणि बोटांची पेरं पांढरी झालेली त्याला काचेतून मोजता येत होती. "पुस्तक. वकील." मग शेवटचा, जो एकोणीस वर्षांचा होता आणि ज्याच्या पायाला सगळ्यांत जास्त फोड यायचे. "धाकला."

अकरा झाले. पेटीत काही हललं नाही. त्याला वाटलं, संपलं. ते दाबणार नाहीत, आणि आता बाहेर येऊन हात मानेवर ठेवतील. हजेरीत एक नाव कधीच घेतलं जात नसे, कारण ते घेणारा दुसरा कुणी नव्हता. सव्वीस वर्षांत, झोपेतसुद्धा, त्याने ते त्यांच्यासमोर उच्चारलं नव्हतं. ओठ मायक्रोफोनला लागले. श्वासाइतक्या आवाजात तो म्हणाला, "थोरले."

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

दोनदा.

तो दिवा विझल्यावरही त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने लाल पेन्सिल उचलली आणि उजव्या कानाच्या आलेखावर, चाळीसच्या रेघेवर, गोल काढला. गोल वाकडा आला, पण रेघेवर आला. नव्वदचे गोल काढले नाहीत, तिथे लिहिलं, प्रतिसाद विश्वसनीय वाटत नाही. खाली तारीख, वेळ. ट काढताना डोक्यावरचं फाजील वळण या वेळीही आलं.

दार उघडून थोरले बाहेर आले. हेडफोनचे वळ कानांवर उमटलेले होते आणि डोळे लाल होते. त्यांनी आलेखाकडे पाहिलं नाही. काठी शोधली, सापडेना, ती त्यांच्या हातातच होती. तो त्यांच्या उजव्या बाजूला उभा होता, हातभर अंतरावर. उद्या अकरा वाजता तो दोन्ही पानांबद्दल सांगणार होता, आपल्या अंगठ्याबद्दल आणि त्या ओल्या हाताबद्दलही. ते ठरलं आहे असं त्याला वाटलं आणि लगेच वाटलं, अजून ठरलेलं नाही, आता यांनी विचारलं की ठरेल.

"काय निघालं रे?" थोरल्यांनी विचारलं. "अस्पष्टच..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. हात मात्र उचलला गेला, सवयीने, आणि त्याच्या मानेवर येऊन बसला. या वेळी तो थरथरत होता. तो हात थरथरतोय की आपली मान, हे त्याला सांगता येईना.

आवाज अजिबात न चढवता, चाळीसच्या आत ठेवून, तो म्हणाला, "स्पष्ट आहे, साहेब."